फ्रेंच कार्टेल घड्याळ: पारखायचं कसं, टांगायचं कसं, चालवायचं कसं

कुणी कार्टेल दाखवायला घरी आणलं की मी ते आधी उलटं फिरवतो. आणणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो, कारण त्याला सोनेरी वेलबुट्टी, शिंपले, माथ्यावर बसलेला पंखवाला मदन, निळे रोमन आकडे असं सगळं दाखवायचं असतं. ते मी सावकाश पाहतो. उमेदीची वर्षं चिंचवडच्या एका टूलरूममध्ये गेली, पुढची इथे पूर्व फ्रान्समधल्या बेझाँसोंमध्ये बारीक यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्यांत. त्यामुळे वस्तूची पुढची बाजू विकणाऱ्याची असते आणि मागची बनवणाऱ्याची, हे डोक्यात पक्कं बसलं आहे.

कार्टेल म्हणजे भिंतीवरचं शोभेचं घड्याळ. पंधराव्या लुईच्या कारकिर्दीत, साधारण १७३० ते १७७० या काळात, पॅरिसमध्ये त्याला बहर आला. एक प्रकार नखशिखांत मुलामा दिलेल्या ब्राँझचा, थेट भिंतीला टेकणारा. दुसरा लाकडी अंगाचा: आत ओकचा सांगाडा, त्यावर रंगीत लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचं किंवा कासवाच्या कवचाचं जडावकाम, कडांना, पायांना आणि दाराभोवती ब्राँझ, आणि खाली त्याच नक्षीचं ब्रॅकेट. घड्याळ ब्रॅकेटवर बसतं, ब्रॅकेट भिंतीवर. मी इथे लिहितोय ते मुख्यतः या दुसऱ्याबद्दल.

तुमच्या-माझ्या खिशाला झेपणारी बहुतेक कार्टेलं अस्सल अठराव्या शतकातली नसतात. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, म्हणजे १८५२ ते १८७०, आणि त्यानंतरही शतक संपेपर्यंत ही जुनी घाटणी पुन्हा जोरात निघाली. मला त्यात कमीपणा वाटत नाही. त्यांची मशिनं जास्त भरवशाची आहेत, सुटे भाग मिळतात, आणि कारागिरी बरीचदा हेवा वाटावा अशी असते. फक्त एकोणिसाव्या शतकाचा माल अठराव्याच्या भावात घेऊ नका. फ्रान्समध्ये यासाठी कायद्याचाच आधार आहे. ३ मार्च १९८१ च्या अध्यादेशानुसार लिलावाच्या यादीत किंवा पावतीवर ‘एपोक लुई कॅंझ’ (पंधराव्या लुईचा काळ) लिहिलं तर वस्तू त्या काळातलीच असल्याची हमी विकणाऱ्यावर बसते. ‘स्तील लुई कॅंझ’ लिहिलं तर ती फक्त त्या धाटणीची. पॅरिसच्या द्रुओ लिलावघरात बोली लावा की सें-तुआँच्या जुन्या बाजारात घासाघीस करा, पावतीवर यातलं काय लिहून मिळणार हे आधी विचारा. तोंडी ‘लुई कॅंझ’ कुणीही म्हणतं.

आता घड्याळ फिरवलंय असं धरा.

मागचं दार उघडलं की गोल पितळी प्लेटा दिसतात. या ठेवणीच्या मशीनला इथे ‘पॅरिसचं मशीन’ म्हणतात, मग त्याचे भाग पॅरिसबाहेर का बनलेले असेनात. एकोणिसाव्या शतकात कच्ची मशिनं पूर्वेकडच्या याच पट्ट्यातून जायची. बोकूरचे झापी बंधू आणि मोंबेलियारचे मार्ती ही दोन नावं तुम्हाला सर्वांत जास्त दिसतील. नाव गोल शिक्क्यात असतं, सोबत बरेचदा प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचा उल्लेख. त्या शिक्क्यात १८८९ लिहिलं असेल तर मशीन १८८९ च्या आधीचं असू शकत नाही, विकणारा काहीही सांगो. डायलवरचं नाव मात्र जपून वाचा. एकोणिसाव्या शतकात तिथे दुकानदाराचंच नाव असायचं.

त्याच प्लेटवर खालच्या बाजूला दोन सुटे आकडे कोरलेले असतात, समजा ५ आणि ४. पुष्कळ लोक त्यांना अनुक्रमांक समजून सोडून देतात. ती लंबकाची लांबी आहे, जुन्या फ्रेंच मापात: ५ पूस ४ लीन्य. एक पूस म्हणजे २७.०७ मिलिमीटर, आणि त्याचा बारावा भाग म्हणजे लीन्य. म्हणजे आपला लंबक सुमारे १४४ मिलिमीटरचा. मीटर पद्धत येऊन कित्येक दशकं उलटली तरी घड्याळजी हीच मापं कोरत राहिले. लंबक हरवलेलं घड्याळ स्वस्तात मिळत असेल तर या दोन आकड्यांवरून कितीचा शोधायचा ते कळतं. अनुक्रमांक वेगळा असतो, आणि तोच लंबकाच्या चकतीच्या पाठीवरही कोरलेला सापडला तर लंबक मूळचा.

मग पाहायचं ते दुसऱ्याचं मशीन बसवलेलं तर नाही ना. मशीन धरणाऱ्या स्क्रूंच्या आसपास लाकडात जुनी बुजवलेली भोकं आहेत का? डायलमधली चावीची भोकं आणि आतले चौकोनी खुंट एका रेषेत आहेत का? खुंट भोकाच्या कडेला खेटून असेल तर डायल आणि मशीन यांचं लग्न उशिरा लागलेलं आहे. अठराव्या शतकातल्या घड्याळांत असं फार होतं, कारण त्यांची मूळची एस्केपमेंट, म्हणजे चाकांना एकेक दात पुढे सोडणारी आणि टिकटिक करणारी यंत्रणा, पुढच्या पिढ्यांनी बदलून घेतली, कधी सगळं मशीनच बदललं. तेवढ्यावरून घड्याळ टाकाऊ ठरत नाही. भाव मात्र उतरायलाच हवा.

ब्राँझकडे वळू. फसवणूक इथेच सर्वांत जास्त होते.

जुना मुलामा पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लगदा ब्राँझवर फासायचे आणि विस्तवावर पारा उडवून लावायचे. सोनं मागे उरायचं, पारा मुलामा देणाऱ्याच्या फुप्फुसात जायचा. ब्राँझकार राव्रियोने १८१४ मध्ये मरताना ३,००० फ्रँक ठेवले होते, या धुरापासून कामगारांना वाचवण्याची युक्ती जो काढेल त्याच्यासाठी. रसायनशास्त्रज्ञ दार्सेने हवा वर खेचून नेणारी भट्टी बनवून ते बक्षीस मिळवलं. १८४० मध्ये इंग्लंडमध्ये एल्किंग्टननी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं, दोनच वर्षांत क्रिस्तोफ्लने फ्रान्ससाठी त्याचे हक्क घेतले, आणि पाऱ्याचं काम हळूहळू मागे पडलं.

ओळखायचं कसं? एखादी ब्राँझची पट्टी सुटी होत असेल तर तिची पाठ पाहा. पाऱ्याचा मुलामा महाग आणि हाताने फासलेला, त्यामुळे पाठ उघडी, तपकिरी, कडेला सोन्याचे ओघळ आलेले. विजेच्या मुलाम्यात अख्खा तुकडा द्रवात बुडतो, म्हणून पाठही पातळ, एकसारखी पिवळी. पुढच्या बाजूला पाऱ्याच्या कामात दोन पोत शेजारी शेजारी दिसतात: काही भाग मुद्दाम मंद ठेवलेला, काही अकीक दगडाने घासून आरशासारखा केलेला. भिंगाखाली पानांच्या शिरा पाहा. ओतकामानंतर छिन्नीने कोरलेली शीर धारदार असते, तिच्यात हत्याराच्या ठोक्यांच्या खुणा दिसतात. नुसत्या साच्यातून आलेली शीर झोपलेली असते. यातली एकच खूण बघून निकाल देऊ नका, दोन-तीन जुळल्या पाहिजेत.

जस्ताचं ओतकाम हा तिसरा आणि सर्वांत गरीब प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून स्वस्त घड्याळांवर जस्ताच्या मिश्रधातूच्या मूर्ती सोनेरी रंग देऊन बसवायला लागले. आतल्या पोकळ भागात करडा रंग दिसला, नखाने टिचकी मारल्यावर खणखण न येता बद्द आवाज आला की समजा. लोहचुंबक घेऊन फिरणारे लोक मला बाजारात दिसतात. ब्राँझही चुंबकाला चिकटत नाही आणि जस्तही नाही, तेव्हा तो खिशातच ठेवा.

आणखी एक बारीक शिक्का शोधायचा: मुकुटाखाली इंग्रजी ‘सी’ अक्षर, जेमतेम काही मिलिमीटरचं. १७४५ ते १७४९ या चारच वर्षांत तांब्याच्या मिश्रधातूंवर कर होता, तो भरल्याची ही खूण. खरा असेल तर असा भक्कम पुरावा दुसरा नाही. पण हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे खोटे शिक्केही मारले गेलेत. आजूबाजूची झीज शिक्क्याच्या आतही आहे का ते पाहा.

लाकडाबद्दल थोडक्यात. जांभळट, रेषारेषांचं जे लाकूड दिसतं ते ब्राझीलहून आलेलं, आपल्या शिसवाच्याच कुळातलं. त्यातली गुलाबी छटा मूळची, बाकीची फुलं बहुधा एके काळी हिरवी-निळी रंगवलेली होती आणि उजेडाने उडून तपकिरी झाली. दाराच्या आतल्या कडेला, जिथे ऊन पोचलं नाही, तिथे मूळ रंगाचा पुरावा मिळतो. पितळ आणि कासवाचं कवच असेल तर ते बूलचं तंत्र. आंद्रे-शार्ल बूल, १६४२ ते १७३२, चौदाव्या लुईचा सुतार. पितळ आणि कवच एकावर एक ठेवून एकदम कापायचं, म्हणजे एकाच्या भोकात दुसऱ्याचा तुकडा बरोब्बर बसतो आणि एका कापणीत उलटसुलट रंगाच्या दोन नक्ष्या निघतात. सुंदर, पण सांभाळायला महाकठीण. पितळ तापमानाने फुगतं, खालचा ओक दमटपणाने, आणि मधल्या सरसाची ओढाताण होते. म्हणून बूलच्या कामात पितळेच्या पट्ट्या टोकाला उचललेल्या दिसतातच. बोटाने दाबून बघू नका, पट्टीला कायमची घडी पडते. सुपरग्लू तर नकोच. पुन्हा कधी कुणाला ते सरसाने नीट बसवायचं असेल तर त्याच्या वाटेत तुम्ही दगड टाकून ठेवता.

घड्याळ घेतलं. घरी नेताना लंबक काढून वेगळा गुंडाळायचा, ही सक्ती. लंबक लावलेलं घड्याळ गाडीत घातलं तर त्याची टांगणी मोडते, आणि ती केसासारखी पातळ पोलादी पट्टी असते. घंटा हलत असेल तर तिच्यात आणि हातोडीत मऊ कागद कोंबा. उचलताना दोन्ही हात लाकडाखाली. मदनाच्या पंखाला धरून घड्याळ उचलणारे मी पाहिलेत, तो मदन मग खाली येतो.

भिंत

ब्रॅकेटसह अशी जोडी सहज पंधरा-वीस किलोंची भरते. फ्रान्समधल्या नव्या घरांत आतल्या भिंती प्लास्टरबोर्डच्या पोकळ असतात. तिथे साधा रावल प्लग चालत नाही, मागच्या पोलादी चौकटीत स्क्रू गेला पाहिजे किंवा पोकळ भिंतीसाठीचे मागे उमलणारे बोल्ट हवेत. जुन्या दगडी भिंतीत दगडाच्या सांध्यात भोक न पाडता दगडात पाडा. भारतातल्या विटांच्या भिंतीत गिलाव्याची जाडी सोडून विटेत निदान दोन इंच स्क्रू बसू द्या. दोन स्क्रू हवेतच. एका खिळ्यावर टांगलेलं ब्रॅकेट चावी देताना दर आठवड्याला केसभर फिरतं, आणि घड्याळ का बंद पडतं म्हणून लोक मशीन उघडून बसतात.

शेकोटीच्या वर किंवा रेडिएटरच्या वर लावू नका. तिथे ते सर्वांत छान दिसतं, मान्य आहे. पण सरस कोरडा पडून लाकडाचे पापुद्रे सुटतात. ऊन येणारी भिंत नको, बाहेरची दमट भिंतही नको. आतली, जड, दार आपटल्यावर न हादरणारी भिंत शोधा. उंची अशी, की चावी देताना स्टूल लागू नये. स्टुलावर उभं राहून चावी देणारा माणूस तोल सावरायला घड्याळालाच धरतो.

ब्रॅकेट आधी लेव्हलने आडवं आणि ओळंब्याने उभं जुळवा, मग घड्याळ ठेवा. ते ब्रॅकेटवर डुगडुगत असेल तर ज्या पायाखाली फट आहे तिथे बुचाचा पातळ काप घाला.

चालू करणं

लंबक मागून टांगायचा. टांगणीच्या खालच्या आडव्या खिळीत त्याचा हूक अडकतो, आणि मशीनमधून खाली येणाऱ्या दांड्याच्या चिमट्यातून लंबकाची काडी जाते. जुन्या घड्याळात पोलादी पट्टीऐवजी रेशमाचा धागा असतो. तसा असेल आणि पिवळा पडून कुसला असेल तर नवा रेशमाचाच घाला. तिथे पोलादी टांगणी बसवण्याचा आग्रह धरणारे मेकॅनिक भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

आता चावी. खुंटाचा चौकोन व्हर्निअरने मोजून त्याच मापाची घ्या. सैल चावी चौकोनाच्या कडा गोल करते, आणि मग कुठलीच चावी बसत नाही. सहसा उजवं भोक चालीचं, डावं टोल्यांचं. कुठल्या दिशेने फिरवायची ते हाताला विचारा: एका बाजूला कटकट करत फिरते, दुसऱ्या बाजूला अडते. अडते तिकडे जोर लावायचा नाही. प्रत्येक अर्ध्या वळणानंतर चावी एकदम न सोडता हलकेच मागे येऊ द्या, दात पकडल्याचा खट्ट आवाज येतो. तो दात झिजलेला असेल तर भरलेली स्प्रिंग चावीला उलटी भिरकावते आणि बोटं फोडते. अशी शंका आली तर थांबा आणि घड्याळ जाणत्या माणसाकडे न्या. स्प्रिंग उतरवल्याशिवाय या मशीनच्या प्लेटा उघडायच्या नाहीत. ते घरी शिकायचं काम नव्हे.

ही घड्याळं नावाला आठ दिवसांची, प्रत्यक्षात बहुतेक पंधरवडा ओढतात. तरी चावी दर आठवड्याला, एकाच वारी द्या. स्प्रिंग भरलेली असताना जास्त ढकलते, उतरताना कमी. तिला फार उतरू दिलं नाही तर वेळ कमी हलते.

लंबकाला हलका धक्का द्या आणि ऐका. घड्याळ लावण्याचं खरं कौशल्य इथे आहे आणि त्याला कान पुरतो. टिक आणि टॉक यांच्यात समान अंतर हवं. ‘टिक-टॉक… टिक-टॉक…’ असं लंगडत असेल तर ते तासा-दोन तासांत थांबणार, मग मशीन कितीही चांगलं असो. मला दाखवायला आणलेल्या ‘बिघडलेल्या’ घड्याळांतली बरीचशी नुसती लंगडत असतात.

लंगडं असेल तर घड्याळाची एक बाजू बोटभर उचलून ऐका, मग दुसरी. एका बाजूला टिकटिक सरळ होईल. समजा डावी बाजू उचलल्यावर झाली. घड्याळ खाली ठेवा, समोरच्या काचेची पितळी कडी दोन्ही हातांनी धरा आणि मशीनसकट किंचित घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या मशीनमध्ये पुढची कडी आणि मागची कडी दोन लांब पट्ट्यांनी आवळलेली असते, त्यामुळे मागचे स्क्रू थोडे सैल केले की सगळं मिळून फिरतं. उजवी बाजू उचलल्यावर सरळ झाली असेल तर उलट दिशेने. बाराचा आकडा फारच कलंडायला लागला तर मशीन पहिल्या जागी आणून मागच्या दांड्यालाच जरा वळण द्यायचं, समोरून पाहता ज्या बाजूला उचललं होतं त्याच बाजूला. दांडा वाकवताना त्याचा वरचा भाग दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर जोर थेट एस्केपमेंटवर जातो. शेवटी स्क्रू आवळायला विसरू नका, नाहीतर पुढच्या रविवारी चावी देताना सगळं पुन्हा फिरेल.

टोले

तासाला तास, अर्ध्या तासाला एक. बारा तासांत नव्वद टोले पडतात. मागच्या प्लेटवर कडेला कमी-जास्त अंतराच्या खाचा असलेलं चाक दिसतंय का? ते मोजणीचं चाक. त्याला काटे कुठे आहेत हे माहीत नसतं, ते फक्त आपला पुढचा आकडा वाजवतं. म्हणून टोल्यांची स्प्रिंग एकदा उतरली की नंतर चार वाजता नऊ टोले पडतात. उपाय सोपा: मिनिटकाटा पुढे नेत बारावर आणा, टोले मोजा, आणि तासकाटा अलगद त्याच आकड्यावर फिरवा. तो नळीवर नुसता घट्ट बसवलेला असतो, फिरतो. मग मिनिटकाटा पुढे फिरवत खऱ्या वेळेपर्यंत या. प्रत्येक बाराला आणि सहाला थांबून टोले पूर्ण होऊ द्या. काटे मागे फिरवायचे नाहीत.

मागे असं चाक नसेल तर पुढच्या, उशिरा आलेल्या पद्धतीचं मशीन आहे. त्यात टोले तासकाट्याच्या जागेवरून आपोआप ठरतात. तिथे तासकाट्याला हात लावला तर उलट बिघडेल.

वेळ जुळवणं

बाराच्या आकड्यावर एक बारीक भोक असेल तर ती ब्रोको या घड्याळजीच्या नावाने ओळखली जाणारी टांगणी, १८४० च्या दशकानंतरची. दुतोंडी चावीचं लहान तोंड तिथे बसतं आणि लंबक न काढता त्याची लांबी कमी-जास्त होते. शेजारी ‘ए’ आणि ‘आर’ अक्षरं असली तर ‘ए’कडे फिरवल्यावर घड्याळ पुढे जातं, ‘आर’कडे मागे.

किती फिरवायचं? इथे टूलरूमचा माणूस गप्प बसू शकत नाही. १४४ मिलिमीटरच्या लंबकात एक मिलिमीटर फरक म्हणजे दिवसाला पाच मिनिटं. दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं म्हणून चावीचा अख्खा फेरा मारणारे लोक आयुष्यभर घड्याळाच्या मागे-पुढे धावतात. चावी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा, एक पूर्ण दिवस जाऊ द्या, मगच पुन्हा हात लावा. आणि दिवसाला मिनिटभराचा फरक राहिला तर तिथेच सोडा. पितळी काडीचा लंबक दहा अंश तापमान वाढलं की दिवसाला आठ सेकंद असाच मागे पडतो.

घड्याळ फ्रान्सहून मुंबईला नेलंत तर तिथे ते दिवसाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास मागे पडेल. प्रवासात बिघडलं म्हणून पाठवणाऱ्याशी भांडू नका. विषुववृत्ताकडे जाताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं आणि लंबक सावकाश डोलतो. १६७२ मध्ये झाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला तेव्हा त्याचं घड्याळ असंच दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं होतं, आणि पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे या वादाला तिथून खाद्य मिळालं. तुम्हाला मुंबईत फक्त लंबक एक तृतीयांश मिलिमीटर आखूड करायचा आहे.

सफाई

ब्राँझवर चिंच नाही, लिंबू नाही, पितळेची भांडी घासायची पावडर नाही, बाटलीतलं पॉलिश नाही. मुलामा काही मायक्रॉन जाडीचा असतो. पॉलिशने चमक येते ती खालच्या पितळेची, आणि सोनं फडक्यावर निघून जातं. शंभर वर्षं टिकलेला मुलामा एका दिवाळीच्या साफसफाईत गेलेला मी पाहिला आहे. माझ्या बायकोला अजून वाटतं की मी घड्याळं मळकी ठेवतो. ठेवतो खरं.

महिन्यातून एकदा मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने धूळ झटका. लाकडावर जडावकाम असेल तर फडकं फिरवू नका, सुटलेल्या पापुद्र्याचं टोक त्यात अडकून उपटतं. डायलच्या इनॅमलला केसासारख्या भेगा असतील तर पाणी लावू नका, भेगेत मळ उतरतो. मशीनमध्ये फवाऱ्याचं तेल कधीही मारू नका. तेल फक्त आसाच्या टोकांना, सुईच्या अग्राएवढं लागतं, दातांना अजिबात नाही. फवारलेलं तेल धुळीशी मिळून खरकागद बनतं. पाच-सात वर्षांनी घड्याळजीकडून मशीन पूर्ण उघडून धुवून घ्या.

भारतात नेणार असाल तर

कासवाचं कवच असलेलं घड्याळ असेल तर आधी कागद, मग बाकी सगळं. हे कवच हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचं. त्याच्या व्यापारावर सायटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंदी आहे आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या परिशिष्टात येतं. वस्तू जुनी आहे म्हणून परवाना आपोआप मिळत नाही. त्या भानगडीत न पडता लाकडी जडावकामाचं कार्टेल घ्या, असा माझा सरळ सल्ला. दुसरं, १९७२ च्याच पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतातून बाहेर काढणं सोपं नाही. आयातीची पावती आणि सीमाशुल्काचे कागद जपून ठेवा, पुढे मुलं पुन्हा परदेशी निघाली तर लागतील.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने अवघड. सरस मऊ पडतो, ओक फुगतो, दार अडकतं. अडकलेलं दार ओढू नका, ऑक्टोबरमध्ये ते आपोआप सुटेल. एसीचा झोत थेट घड्याळावर पडणार नाही असं पाहा, कारण ओलं-कोरडं वारंवार होणं हे नुसत्या दमटपणापेक्षा वाईट. जमलं तर त्या खोलीत दमटपणा शोषणारं यंत्र ठेवा आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास धरा. पहिल्या पावसाळ्यात लाकूड हललं की घड्याळ पुन्हा लंगडायला लागेल, तेव्हा मशीन उघडण्याआधी ओळंबा काढा.

आणि चावी घड्याळाच्या पोटात ठेवायची सवय असेल तर मोडा. ती घसरून लंबकाखाली जाते आणि घड्याळ बंद पडतं. तिच्यासाठी जवळच्या दाराच्या चौकटीवर एक छोटा खिळा मारा.